काळं पडलं म्हणून लाकूड चुलीत घालू नका, गोरं दिसतं म्हणून कामठा करू नका



गेल्या पंधरवड्यात तिघांनी मला लाकडाचे फोटो पाठवले. एकाचा धामणीचा ओंडका, मधोमध तांबूस-तपकिरी. दुसऱ्याच्या फळीवर निळसर काळे पट्टे. तिसऱ्याचं लाकूड स्वच्छ, फिकट, डाग नाही. प्रश्न तिघांचा एकच, "दादा, कामठ्याला चालेल का?" मी तिघांनाही सांगितलं, फोटोवरून सांगणार नाही. एकजण रागावला. म्हणाला, एवढं शेतीचं ज्ञान वाटता आणि लाकडाचा रंग ओळखता येत नाही?

भाऊ, रंग ओळखता येतो. रंगावरून लाकूड ओळखता येत नाही. ह्यातला फरक कळायला मला एका पोराचा डोळा जाता जाता वाचावा लागला. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला तीरकामठे बहुतेक बांबूचेच असतात. भिल्ल मंडळींच्या कामठ्याची दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ कामटीची असते. पण लाकडाचा कामठा करायचा म्हटलं की जुनी माणसं धामणीचं नाव घेतात. धामण म्हणजे इथे साप नव्हे, झाड. चिवट, सरळ रेषेचं, वाकून परत ताठ होणारं लाकूड. संस्कृतात ह्या झाडाला धनुर्वृक्ष म्हटलंय ते उगाच नाही. कुऱ्हाडीचा दांडा, गाडीचा दांडा, कावड, जिथे लाकडाने दणका सोसायचा तिथे धामण.

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या वाऱ्यात आमच्या बांधावरची एक धामण पडली. कामाची गडबड होती. फांद्या तोडल्या, बुंधा ओढून गोठ्यामागे टाकला. साल तशीच, खाली ओली माती, वरून पत्र्याचं पाणी. दिवाळीनंतर भाच्याने हट्ट धरला, मामा, मला निशाणबाजीला लाकडाचा कामठा करून दे. मी पाचर मारून बुंधा उभा चिरला. एका फळीत सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात निळे-काळे पट्टे निघाले. दुसरी फळी छान, गोरीपान. फक्त मधेमधे जरा जास्तच पांढुरकी, निस्तेज.

मी काय केलं? जे तुम्ही करता तेच. काळी फळी चुलीपाशी टाकली, गोरी फळी तासायला घेतली.

कामठा दिसायला सुरेख झाला. तेल पाजलं, दोरी चढवली. तिसऱ्या दिवशी भाच्याने पूर्ण ओढला आणि वरचा हात मधूनच तुटला. आवाज करकर असा नाही, टक्क असा. मुळा मोडावा तसा. तुटलेला तुकडा दोरीसकट फिरून त्याच्या भुवईवर बसला. तीन टाके पडले. बोटभर खाली बसला असता तर आज मी हे लिहायला बसलो नसतो, तोंड लपवून बसलो असतो.

तुटलेली जागा घेऊन मी शेजारच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांकडे गेलो. आयुष्यभर कामठे केलेला माणूस. त्यांनी तुकडा हातात घेतला, मोडलेल्या तोंडावर नख फिरवलं आणि विचारलं, "दुसरी फळी कुठेय?" म्हटलं, काळी होती, जाळली. तिचा एक तुकडा उरलाय, त्याचा खुरप्याला दांडा बसवलाय. ते म्हणाले, "तो आण." आणला. त्यांनी त्या काळ्या तुकड्याची बोटभर कामटी काढली, गोऱ्या तुकड्याची तेवढीच काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. वाकव म्हणाले. काळी कामटी वाकत गेली, शेवटी मोडली ती लांबलांब तंतू सोडत. गोरी अर्ध्यातच टक्क.

म्हणजे मी एकाच ओंडक्यात दोनदा चुकलो. चांगलं लाकूड जाळलं आणि कुजकं पोराच्या हातात दिलं. दोन्ही वेळा निवाडा रंगाने केला.

आता ह्यामागचं कारण नीट समजून घेऊ, म्हणजे नुसती गोष्ट राहणार नाही.

लाकडावर येणाऱ्या सगळ्या बुरशी एका जातीच्या नसतात. निळा-काळा डाग पाडणारी बुरशी मुख्यतः सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात शिरते, कारण तिथे साखर आणि पिठूळ द्रव्यं साठलेली असतात. ती खाते हा साठा. लाकडाच्या पेशींची भिंत, जिच्यावर सगळी ताकद असते, ती जवळपास शाबूत राहते. त्यामुळे असं लाकूड दिसतं भयंकर, पण वाकण्याची ताकद फारशी घटत नाही. अचानक बसणारा दणका सोसायची ताकद थोडी कमी होऊ शकते, तेवढं लक्षात ठेवायचं.

कुजवणारी बुरशी वेगळी. ती पेशींची भिंतच खाते. त्यातली एक जात लाकूड तपकिरी आणि ठिसूळ करते, दुसरी जात लाकूड पांढुरकं, फिकट करते. माझ्या गोऱ्या फळीवरचा तो निस्तेज पांढरेपणा म्हणजे हीच दुसरी जात. मी जिला स्वच्छ म्हणत होतो ती बुरशीने धुऊन काढलेली होती.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की कूज डोळ्याला दिसायच्या आधी ताकद जाते. लाकडाचं वजन १० टक्केही घटलेलं नसतं, तेव्हाच त्याचा चिवटपणा निम्म्याहून जास्त गेलेला असू शकतो. बोट दाबलं तर कडक लागतं, रंधा मारला तर गुळगुळीत होतं. पण ओढलं की मोडतं.

आपल्याकडे ह्या बाबतीत दोन पंथ आहेत, आणि माझं भांडण दोघांशी आहे.

पहिला पंथ "काळं पडलं, फेकून दे"वाल्यांचा. ह्यांना गाभ्याचा रंगसुद्धा रोग वाटतो. धामणीचा गाभा मुळातच तांबूस-तपकिरी असतो, कधी त्यात गडद रेषा असतात. सालीलगतचं लाकूड फिकट असतं. हा झाडाचा स्वभाव आहे. तरी मधे तपकिरी दिसलं की "आतून सडलंय" म्हणून सांगणारे महाभाग मी पाहिलेत.

रंगाचा फरक दोष नसतो, कधी तोच गुण असतो, ह्याचा मोठा दाखला परदेशात आहे. इंग्रजांचे जुने लांब कामठे यू नावाच्या झाडाचे असत. त्या झाडाचं सालीलगतचं लाकूड फिकट आणि गाभा गडद. कारागीर मुद्दाम दोन्ही मिळून एकच फळी काढत. फिकट लाकूड कामठ्याच्या पाठीला, म्हणजे समोरच्या बाजूला, कारण ते ताण चांगला सोसतं. गडद गाभा पोटाला, म्हणजे आपल्याकडच्या बाजूला, कारण तो दाब चांगला सोसतो. १५४५ साली बुडालेलं मेरी रोझ हे इंग्रजी लढाऊ जहाज १९८२ साली समुद्रातून वर काढलं. त्यावर असे शंभराहून जास्त कामठे सापडले. आपल्या पहिल्या पंथातल्या कुणी ती दुरंगी फळी पाहिली असती तर चुलीत घातली असती.

अमेरिकेतलं ओसेज ऑरेंज हे झाडही तसंच. काटेरी तारा यायच्या आधी तिथले शेतकरी ते कुंपणाला लावत, आपण शेर किंवा सागरगोटा लावतो तसं. त्याचं लाकूड कामठ्याला नावाजलेलं. ताजं कापलं की पिवळंधमक, आणि उजेडात राहून राहून गडद तपकिरी. कूज नाही, रोग नाही. नुसत्या उजेडाने रंग बदलला.

आपल्या घरचा दाखला घ्या. ओल्या बाभळीत खिळा ठोका, भोवती निळा-काळा डाग पडतो. बाभळीत टॅनिन भरपूर, लोखंड आणि ओलावा मिळाला की शाई तयार होते. लिंबू चोळा, डाग फिका पडतो. कोयत्याने ओलं लाकूड तासलं तरी हेच होतं. ह्या डागासाठी कुणी औत टाकून देत नाही. मग कामठ्याच्या फळीलाच वेगळा न्याय कशाला?

ह्या पंथाचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. डाग पडला म्हणजे लाकूड बराच काळ ओलं राहिलं, हे नक्की. आणि जिथे डागाची बुरशी शिरली, तिथे कुजवणारीही शिरलेली असू शकते. म्हणून डाग दिसला की थांबा, तपासा. पण तपासायच्या आधी फेकू नका. धामणीचं झाड कामठ्याजोगं व्हायला किती पावसाळे जातात ते बांधावर उभं राहून बघा. आपण चांगली फळी जाळतो तेव्हा दुसऱ्या झाडावर कुऱ्हाड पडते.

दुसरा पंथ "चालतंय रे"वाल्यांचा. हा नवा आहे आणि जास्त धोक्याचा आहे. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले की ह्यांना लाकडावरच्या काळ्या नागमोडी रेषा म्हणजे नक्षी वाटते. मंडळी, शाईच्या टाकाने ओढल्यासारख्या त्या बारीक काळ्या रेषा बहुतेक वेळा कुजवणाऱ्या बुरशीने आखलेल्या हद्दी असतात. दोन शेतकरी बांध घालतात तशा दोन बुरशी आपापल्या हद्दीवर बांध घालतात. शोभेच्या डबीला ती नक्षी ठीक आहे. कामठ्याच्या वाकणाऱ्या भागात ती दिसली तर फळी बाजूला ठेवायची, चर्चा नको.

हेच लोक म्हणतात, "शंका असेल तर थोडा जाड ठेवू." हा तर उलटा उपाय. कामठा वाकतो तेव्हा पाठीचे तंतू ताणले जातात, पोटाचे दाबले जातात. तेवढ्याच वाकण्याला लाकूड जितकं जाड, तितका पाठीवरचा ताण जास्त. कुजकं लाकूड जाड ठेवलं तर ते लवकर मोडतं, आणि मोडताना जास्त जोराने उडतं.

आता कृषीवाल्या मित्रांसाठी दोन शब्द. साहेब, कपाशीचं पान पिवळं पडलं आणि आम्ही लगेच युरिया टाकला की तुम्हीच रागावता ना? तुम्ही विचारता, पिवळं कोणतं, जुनं की नवं? खालची जुनी पानं पिवळी तर नत्र बघा. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोह बघा. सगळंच पिवळं आणि पाणी तुंबलेलं असेल तर आधी चर काढा. म्हणजे रंग दिसला की पुढचा प्रश्न "कुठे?" असतो. मग लाकडाचा फोटो आला की तुम्हीसुद्धा "सडलंय" असं एका शब्दात का लिहिता? तिथेही "कुठे?" विचारा की.

बाबांनी मला जे शिकवलं आणि नंतर मी स्वतः करून पाहिलं, ते क्रमाने देतो.

पहिलं, रंग कुठे आहे ते बघा. ओंडक्याचं टोक ताजं कापा. मधोमध गोल, सगळीकडे सारखा गडद रंग असेल तर तो गाभा. सालीकडून आत पाचरीसारखा शिरलेला निळा-काळा रंग असेल तर बहुधा डागाची बुरशी. वेडावाकडा, ठिपक्याठिपक्यांचा, गाठीपासून, चिरेपासून किंवा जमिनीला टेकलेल्या बाजूने सुरू झालेला रंग असेल तर कुजीचा संशय धरा.

दुसरं, खरवडा. वरवरची बुरशी, मळ, लोखंडाचा डाग दोन हात रंधा मारला की बहुतेक वेळा निघून जातो. खोल गेला असेल तर पुढची तपासणी.

तिसरं, दाभणाने उचकटा. दाभणाचं टोक तंतूंच्या दिशेने तिरकं घाला आणि उचला. चांगल्या लाकडाची लांब सळई निघते, चरचर आवाज येतो. कुजक्या लाकडाचा आखूड तुकडा दाभणाच्या वरच तुटतो, आवाजही नाही. ही तपासणी एका जागी करून थांबू नका, फळीच्या लांबीभर चार-पाच ठिकाणी करा. अर्थात जो भाग तासून जाणार आहे त्यावर.

चौथं, वजन आणि आवाज. त्याच झाडाच्या, सारख्याच वाळलेल्या, सारख्या मापाच्या दोन तुकड्यांची तुलना करा. एक हलका लागला, ठोकल्यावर बद्द वाजला, तर तो संशयित. वेगवेगळ्या झाडांची किंवा ओल्या-सुक्याची तुलना करू नका, फसाल.

पाचवं, आणि ह्यावरच निकाल. डागाच्या भागातून एक कामटी, स्वच्छ वाटणाऱ्या भागातून एक कामटी, दोन्ही सारख्या जाडीच्या. दोन्ही मोडून बघा. लांब तंतू निघाले तर लाकूड जिवंत आहे. मुळ्यासारखी मोडली तर ती फळी कामठ्याची नाही, मग तिचा रंग काहीही असो. स्वच्छ भागाची कामटी मोडायला विसरू नका. मी तिथेच मेलो.

एवढं सगळं करायला पाव तास लागत नाही. "वेळ कुणाला आहे" म्हणणाऱ्यांना मी भाच्याच्या भुवईवरची खूण दाखवतो.

एवढं करूनही शंका उरली तर? मग लाकूड टाकू नका, काम बदला. खुंटी करा, खुरप्याची मूठ करा, फाटकाचा आडणा करा. पण संशयातलं लाकूड कामठ्याला नको, कुऱ्हाडीला नको, जू-शिवळांनाही नको. जिथे मोडलं तर माणसाला किंवा बैलाला लागेल, तिथे शंकेचा फायदा लाकडाला द्यायचा नाही. खोल डागाचं लाकूड कामटीच्या परीक्षेत पास झालं तरी मी ते कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरत नाही, कारण दणक्याचं काम वेगळं.

आता शेवटचं आणि सगळ्यात कडू. हे डाग, ही कूज झाडाने केली नाही, मी केली. उभी धामण निरोगी होती. श्रावणापासून दिवाळीपर्यंत मी तिला सालीसकट चिखलात ठेवली. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली गेला की बुरशी वाढत नाही. ती मरत नाही, झोपते, पुन्हा ओल मिळाली की उठते. म्हणजे आपलं काम एवढंच की लाकूड लवकर त्या रेषेखाली न्यायचं आणि तिथेच ठेवायचं.

त्यासाठी झाड पाडायचं तर थंडीत, पावसाळ्यात नाही. पावसात आपोआप पडलं तर त्याच आठवड्यात साल काढा, उभं चिरा, टोकांना रंग किंवा मेण लावा म्हणजे तडे जात नाहीत. जमिनीपासून हातभर वर, फळ्यांमध्ये काड्या घालून, सावलीत पण वाऱ्यावर रचा. दर आठवड्याला एक फळी वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की वाळली. बांबूचं तंत्र वेगळं. त्यात पिठूळ द्रव्य जास्त, म्हणून घुण लागतो. जुनी माणसं तो वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, ते द्रव्य धुऊन जावं म्हणून. काळे ठिपके पुसून निघत असतील तर घाबरू नका. बारीक छिद्रं आणि खाली पीठ दिसलं तर मात्र तो बांबू मांडवाच्या टेकूलाही नको.

"आता कामठा वापरतंय कोण?" असंही कुणीतरी लिहिणारच. शिकारीला नाहीच वापरायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्य आहे. पण निशाणबाजीला, सणाला, पोरांच्या हातात तो अजून आहे. आणि कामठा हा लाकडाचा सगळ्यात कडक परीक्षक आहे. ज्याला कामठ्याची फळी पारखता आली, त्याला गाडीचं, औताचं, घराच्या वाशाचं लाकूड पारखता येतं. ही नजर बाबांच्या पिढीबरोबर गेली तर परत विकत मिळणार नाही.

तेव्हा यापुढे मला फोटो पाठवायचा असेल तर तुकड्याचा पाठवू नका. दोन कामट्या मोडा आणि मोडलेल्या तोंडांचा फोटो पाठवा. सोबत लिहा, झाड कधी पडलं, साल कधी काढली, किती दिवस जमिनीला टेकलं होतं. मग मी माझं मत नक्की सांगेन. खरं तर तोवर तुम्हाला माझी गरजच उरणार नाही.

भाच्याचा नवीन कामठा झालाय. त्याच्या पाठीवर एक निळा-काळा पट्टा आहे, मुठीपासून वरच्या हातापर्यंत. कामटी मोडून बघितली होती, वीतभर तंतू निघाले. दोन पावसाळे झाले, ओढतोय.